पीएचडीचा प्रबंध खरा की खोटा? सॉफ्टवेअर कॉपी पकडतं, खोटा सर्व्हे गावच पकडू शकतं

पूर्वी तालुक्यात पीएचडी केलेला माणूस शोधावा लागायचा. आता गावागावांतली पोरं-पोरी पीएचडीला लागली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची म्हणजे यूजीसीची जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. पुढे सीनियर झाल्यावर ती रक्कम ४२ हजार होते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्यातल्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. पदवी मिळाली की वेशीवर अभिनंदनाचा बॅनर लागतो. शेतकऱ्याच्या घरातलं पहिलं पोर इथवर पोचलं, तर आईबापाला आनंद होणारच.

पण याच वाटेवर एक बाजारही बसला आहे. ‘थीसिस लिहून मिळेल’, ‘पेपर छापून मिळेल’, ‘घरबसल्या पीएचडी’ असे मेसेज मोबाईलवर येतात. पैसे भरले की काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात धोका तिथूनच सुरू होतो.

राजस्थानात काय घडलं?

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नवे प्रवेश घ्यायला पाच वर्षांची बंदी घातली. चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज आणि झुंझुनूचं सिंघानिया ही ती विद्यापीठं. पीएचडी देताना यूजीसीचे नियम पाळले नाहीत, असं चौकशी समितीला आढळलं. २०२५-२६ पासून २०२९-३० पर्यंत तिथे पीएचडीला प्रवेश नाही.

बंदी विद्यापीठावर आली, पण झळ विद्यार्थ्यांनाही बसते. तिथून प्रामाणिकपणे पदवी घेतलेल्याकडेही मुलाखतीत संशयाने बघितलं जाऊ शकतं. ‘घरबसल्या’वाल्यांचंही तसंच. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने केलेली पीएचडी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बसत नाही. परदेशी संस्थेचं नाव सांगून ऑनलाइन पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२ मध्येच इशारा दिला होता.

कॉपीला शिक्षा किती?

दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. त्यावर यूजीसीने २०१८ मध्ये नियम केले. प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासला जातो आणि किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो, ते टक्क्यांत निघतं.

१० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द होते. नाव देऊन, अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी स्थगित ठेवता येते.

म्हणजे बॅनर लागला, सत्कार झाला, नोकरी लागली, तरी विषय संपत नाही. जर्मनीत २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट कॉपीमुळे गेली आणि पाठोपाठ मंत्रिपदही गेलं. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्री शावान यांची डॉक्टरेट विद्यापीठाने काढून घेतली. त्यांचा प्रबंध १९८० चा होता. ३३ वर्षांनी हिशेब झाला.

आपल्याकडेही प्रबंध आता कपाटात बंद राहत नाही. त्याची प्रत ‘शोधगंगा’ या संकेतस्थळासाठी द्यावी लागते. तिथे देशभरातले लाखो प्रबंध आहेत आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. आज पकडलं नाही म्हणून उद्या सुटेल, असं नाही.

टक्क्यांत न सापडणारी लबाडी

खरी अडचण पुढे आहे. सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं, माहिती खरी की खोटी ते त्याला कळत नाही.

समजा, एखाद्याचा विषय आहे तालुक्यातल्या ठिबक सिंचनाचा. प्रबंधात लिहिलंय की २०० शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्यक्षात तो एकाही बांधावर गेला नाही. खोलीत बसून मित्रांसोबत २०० फॉर्म भरले, टिकमार्क केले, तक्ते काढले. वाक्यं स्वतःची असल्याने सॉफ्टवेअर साम्य दाखवेल फक्त पाच टक्के. प्रबंध ‘स्वच्छ’ ठरेल.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधन नैतिकतेचा ३० तासांचा, दोन क्रेडिटचा कोर्स करावा लागतो. त्यात तीन गैरप्रकार शिकवतात: नसलेली माहिती तयार करणं, असलेली माहिती फिरवणं आणि दुसऱ्याचं लेखन चोरणं. टक्क्यांचं कोष्टक आहे ते फक्त तिसऱ्यासाठी. पहिले दोन पकडायचे तर गाईडने मूळ फॉर्म बघायला हवेत, परीक्षकांनी विचारायला हवं आणि ज्यांच्या नावावर माहिती दाखवली, त्या लोकांना ते माहीत असायला हवं.

ते लोक म्हणजे गावकरीच. बचतगट, ऊसतोड मजूर, पाणंद रस्ते, आश्रमशाळा, दूध संस्था या विषयांवर प्रबंध होतात. त्यातला आकडा पुढचा विद्यार्थी उचलतो, मग तो लेखात येतो, भाषणात येतो. ‘या भागातले शेतकरी समाधानी आहेत’ असं कुणी न विचारताच लिहिलं गेलं, तर पीएचडीवाल्याला पदवी मिळते आणि गावाची खरी अडचण कागदावरून गायब होते. म्हणून हा प्रश्न फक्त विद्यापीठाचा नाही.

पेपरचा धंदा कसा वाढला?

२०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं. प्राध्यापकांच्या बढतीलाही पेपर लागायचे. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघाली. पुण्याच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यूजीसीची मान्य यादी तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असू शकतात, असं निघालं. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली.

२०१९ मध्ये ‘यूजीसी केअर’ ही नवी यादी आली. तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले. २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपरची देशपातळीवरची सक्ती काढली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आता नियतकालिक चांगलं की बोगस, हे विद्यापीठ, गाईड आणि विद्यार्थ्यानेच ठरवायचं आहे. दोन दिवसांत, पैसे भरून, कुणी न तपासता छापून देतो म्हणणारा असेल, तर ते संशोधन नव्हे, दुकान आहे.

दोष फक्त पोरांचाच?

तसं म्हणता येणार नाही. गावातल्या मुलाला अनेकदा इंग्रजीत लिहायची सवय नसते, चांगलं ग्रंथालय जवळ नसतं. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत कसं मांडायचं, हे शाळेपासून कुणी शिकवलेलं नसतं. उलट गाईड बघून उत्तर लिहिण्याचीच सवय लागलेली असते. त्यात आता चॅटजीपीटीसारखी साधनं आली. भाषा सुधारायला ती कामाची आहेत. पण ती कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही बिनदिक्कत देतात. न तपासता ते टाकले, तर परीक्षकाच्या एका प्रश्नात सगळं उघडं पडतं.

गाईडचीही जबाबदारी आहे. प्रबंध कॉपी केलेला नाही, असं प्रमाणपत्र गाईडला द्यावं लागतं. २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. इतक्या कमी विद्यार्थ्यांचे कच्चे फॉर्म बघणं अशक्य नाही. आणि सहीसाठी कुणी पैसे मागत असेल, तर सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी ती सरळ लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे.

गावकऱ्यांनी काय करावं?

- सर्व्हेला कुणी आलं तर नाव, विद्यापीठ, गाईड आणि विषय विचारा. माहिती कशासाठी हवी, ते समजून घ्या. नको वाटलं तर नाही म्हणा.
- कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. ओळखीचं पोर असलं तरी नाही.
- काम झाल्यावर निष्कर्ष गावात येऊन सांगायला सांगा. खऱ्या संशोधकाला त्यात अडचण नसते.
- शोधगंगावर तालुक्याचं नाव टाकून बघा. गावाबद्दल चुकीचं लिहिलेलं दिसलं, तर पुराव्यासह विद्यापीठाच्या कुलसचिवांना लेखी कळवा.

शेवटच्या मुद्द्यात एक अडचण आहे. २०१८ च्या नियमांत तक्रार करायची वाट शैक्षणिक वर्तुळातल्या माणसांसाठी आहे. ज्यांच्यावर प्रबंध लिहिला, त्या गावकऱ्यांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. विद्यापीठ स्वतःहून दखल घेऊ शकतं, एवढीच सोय आहे. खोटे सर्व्हे थांबवायचे असतील, तर माहिती देणाऱ्या माणसालाही बोलायची जागा नियमांत द्यावी लागेल.

घरात कुणी पीएचडी करत असेल, तर ‘कधी संपणार?’ एवढंच विचारून थांबू नका. किती लोकांना भेटलास, काय सापडलं, हेही विचारा. नियमाने सहा वर्षांपर्यंत वेळ मिळतो, महिलांना आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. उशीर झाला तर चालेल. पण विकत घेतलेल्या प्रबंधासाठी जमीन गहाण टाकू नका. गहाण जमीन कधीतरी सोडवता येते, पण एकदा गेलेलं नाव परत मिळत नाही.