सहा पर्वत्या आणि एक वाक्य

शिक्षकाने वर्गात किती वेळा खोटे बोलावे, याला काही मर्यादा असावी. माझ्या खाती तशी बारीकसारीक असत्ये पुष्कळ जमा आहेत. ‘याचे उत्तर पुढच्या तासाला देतो’ हे त्यांतले सर्वांत निरुपद्रवी. पण एक असत्य मात्र चपलेत शिरलेल्या खड्यासारखे कित्येक दिवस मला टोचत राहिले. त्याचीच हकीकत आज या सदरात सांगायची आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर मराठी भाषेच्या उगमाचा तास चालू होता. हा तास मी गेली वीस वर्षे घेतो आहे. त्यात एक ठरलेला क्षण असतो. मी खडू उचलतो, फळ्याकडे वळतो आणि मोठ्या अक्षरांत लिहितो : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. मग वर्गाकडे वळून, आवाज थोडा खाली आणून सांगतो की, श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेले हे वाक्य मराठीच्या अगदी जुन्या वाक्यांपैकी एक आहे. या वाक्यावर मी वीस वर्षे टाळ्या घेतल्या आहेत म्हणा ना!

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, ती अक्षरं अजून वाचता येतात?”

“येतात तर! अगदी स्पष्ट,” मी म्हणालो.

“तुम्ही पाहिलीत?”

“पाहिली आहेत ना.”

वाचकहो, मी पाहिली नव्हती. पुस्तकातला ठसा पाहिला होता, छायाचित्र पाहिले होते. पण श्रवणबेळगोळ कर्नाटकात हासन जिल्ह्यात आहे, यापलीकडे त्या गावाशी माझा कसलाही परिचय नव्हता. मुलगी समाधानाने खाली बसली. घंटा झाली. मी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले. पण काहीतरी झटकायचे राहूनच गेले.

रात्री जेवताना ही गोष्ट घरात सांगितली. सौ. आमटी वाढता वाढता म्हणाली, “बरं झालं. मी बारा वर्षं दक्षिणेत जाऊ या म्हणते आहे, तेव्हा तुम्हांला पेपर तपासायचे असतात. आता त्या मुलीनं विचारलं म्हणून तरी निघाल!” यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आमच्या शेजारचे जोडपे तेव्हाच स्वित्झर्लंड पाहून आले होते आणि तिथल्या आगगाड्यांचे वर्णन आम्ही तीन संध्याकाळी ऐकले होते. त्यांचा मला हेवा वाटला नाही, असे म्हणणे म्हणजे दुसरे असत्य होईल. पण ते निदान पाहून आलेल्या गोष्टी तरी सांगत होते!

नाताळच्या सुटीत निघायचे ठरले. ‘ठरले’ म्हणजे मी जाहीर केले. बाकीचे सगळे सौ.ने केले. मोबाइलवर तिकिटे तिने काढली, बंगळूरहून हासनच्या बाजूला जाणारी गाडी तिने शोधली, आईची औषधे, मुलीचे स्वेटर आणि माझा चष्मा तिनेच लक्षात ठेवला. बंगळूर-हासन रेल्वेमार्ग २०१७ साली पुरा झाल्यापासून श्रवणबेळगोळला थेट आगगाडीने उतरता येते, हा शोधही तिचाच. मी बरोबर दोन जाड पुस्तके घेतली.

खरा प्रश्न आईचा होता. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. गोमटेश्वर ज्या विंध्यगिरीवर उभा आहे, त्याला सहाशेंहून अधिक पायऱ्या आहेत; त्याही खडकातच खोदलेल्या आणि अनवाणी चढायच्या. “आई, तू खालीच बस. नाहीतर डोली मिळते,” मी म्हणालो. आईने आधी पायऱ्यांचा हिशेब मागितला. पर्वतीच्या पायऱ्या एकशेतीन. ती अजूनही संकष्टीला पर्वती चढते. बोटांवर मोजून म्हणाली, “म्हणजे सहा पर्वत्या. एकेक करून चढू. आणि माणसांच्या खांद्यावर बसून मला कुठं जायचं नाही.”

पहाटे निघालो, म्हणून निभावले. ऊन चढले की तो खडक तव्यासारखा तापतो. आई प्रत्येक ‘पर्वती’ झाली की बसे आणि मोठ्याने मोजणी करी : “दोन झाल्या.” खाली कल्याणी तळे दिसत होते. बेळगोळ म्हणजे कानडीत पांढरे तळे. गावाचे नाव पाण्यावरून पडलेले. तळ्यापलीकडे समोर धाकटी टेकडी, चंद्रगिरी. चंद्रगुप्त मौर्याने राज्य सोडून, भद्रबाहूंबरोबर दक्षिणेत येऊन याच टेकडीवर देह ठेवला, अशी जैन परंपरा सांगते. ते ऐकून आमची मुलगी म्हणाली, “बाबा, हा तोच चंद्रगुप्त? इतिहासाच्या पुस्तकातला? तो इकडे कुठे आला?” माझ्या इतिहासातही चंद्रगुप्त पाटलिपुत्राच्या बाहेर फारसा पडला नव्हता.

चौथ्या पर्वतीवर मी आईला चावुंडरायाची कथा सांगितली. हा गंग राजाचा मंत्री आणि सेनापती, शिवाय कानडी गद्याचा लेखक. त्याची आई काललदेवी. पौदनपूर नावाच्या दूरच्या नगरीत बाहुबलीची प्रचंड मूर्ती आहे, ती पाहिल्याशिवाय दूध घेणार नाही, असे तिने व्रत घेतले. मुलगा आईला घेऊन निघाला. वाटेत येथे मुक्काम पडला असता स्वप्नात दृष्टान्त झाला की, ती मूर्ती तुम्हांला गवसणार नाही. पण या लहान टेकडीवरून समोरच्या मोठ्या टेकडीवर बाण सोड, तुझा देव तेथेच प्रकटेल.

आईने कथा ऐकली, पदराने कपाळ टिपले आणि म्हणाली, “आईला घेऊन निघाला, ते महत्त्वाचं. पुढचं देवानं केलं.” मी पायऱ्यांकडे पाहू लागलो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ‘निवृत्त झालो की हिला घेऊन हिंदुस्थान पाहणार’ असे ते म्हणत. भिंतीवरच्या नकाशात त्यांनी गावांभोवती पेन्सिलीची वर्तुळेही काढली होती. निवृत्तीनंतर दीड वर्षातच ते गेले. तो नकाशा अजून माझ्या कपाटात आहे. त्यानंतर आईला कुठे न्यायचे माझ्याही मनात पुष्कळ वेळा आले. मनात आलेल्या प्रवासाला भाडे पडत नाही.

सहावी पर्वती संपली. दाराच्या आत गेलो आणि बोलणे आपोआप थांबले.

सुमारे अठ्ठावन्न फूट उंचीची ती मूर्ती डोंगरमाथ्याच्याच खडकातून कोरून काढलेली आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ९८१ ते ९८३ च्या सुमारास ती घडली. आकडे मला पाठ होते. जे पाठ नव्हते ते असे की, एवढ्या मोठ्या देहावरचे ते हसू इतके बारीक आहे. भावाशी युद्ध जिंकून, जिंकलेले राज्य त्यालाच परत देऊन बाहुबली तपाला उभा राहिला. इतका स्थिर की अंगावर वेली चढल्या आणि पायांशी वारुळे वाढली. त्या वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत गेलेल्या दिसतात. आकाशाखेरीज त्याच्या डोक्यामागे दुसरे काहीही नाही.

मी मात्र खाली पायांकडे पाहत होतो. तेथल्या पुजाऱ्यांनी माझी धडपड ओळखली असावी. “मराठी?” त्यांनी विचारले आणि बोट दाखवले.

तेथे ते होते. नागरी अक्षरांत, स्वच्छ. एका नजरेत वाचता यावे असे. माझ्या मुलीने तर माझ्याआधी वाचले, “श्रीचावुण्डराजें करवियलें.” आठवीतली मुलगी कुणाच्याही मदतीशिवाय शेकडो वर्षांपूर्वीची मराठी घडाघडा वाचते, हे मी कानांनी ऐकले. वर्गात मी दिलेले उत्तर बरोबर निघाले होते. अक्षरे खरोखरच वाचता येतात! पण तेव्हाच मला उमगले की ते उत्तर बरोबर असले तरी माझे नव्हते. वीस वर्षे मी दुसऱ्याचे उसने वाक्य स्वतःच्या नावावर खपवीत होतो.

त्याच्यालगत दुसरी ओळ आहे : ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. सुत्ताले म्हणजे मूर्तीच्या सभोवारची ओवऱ्यांची बांधणी. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. म्हणजे ही ओळ बाराव्या शतकाच्या आरंभीची. अक्षरांचे वळण पाहता दोन्ही ओळी एकाच वेळी, १११६-१७ च्या सुमारास, कोरल्या गेल्या असाव्यात, असेही अभ्यासक म्हणतात. तसे असेल तर ‘पहिले वाक्य’ हा मान दुसरीकडे जातो. त्याकडे मी शेवटी येतो.

मूर्तीच्या पायांशी हीच गोष्ट कानडीत आणि तमिळमध्येही कोरली आहे. कानडी ‘माडिसिदं’, तमिळ ‘शेय्वित्तान्’, मराठी ‘करवियलें’. तिन्ही भाषांत प्रयोजक क्रियापद! मला व्याकरणाचे भरते आले आणि मी घरच्या मंडळींना तेथेच समजावून सांगू लागलो, की ‘राजें’ ही तृतीया, म्हणजे राजाने. आणि ‘करवियलें’ म्हणजे करविले, दुसऱ्याकडून करून घेतले.

आई शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, “आणि केलं कुणी?”

“म्हणजे?”

“करवलं त्यानं. तीन-तीन भाषांत लिहूनही ठेवलं. छिन्नी कुणाच्या हातात होती? त्याचं नाव कुठाय?”

माझी दोन्ही जाड पुस्तके गप्प बसली. सौ.ने मात्र संधी सोडली नाही. माझ्याकडे पाहत, अगदी शिलालेखाच्या सुरात ती म्हणाली, “श्रीप्राध्यापकें प्रवासु करवियला!” मुलगी इतकी हसली की पुजारीही हसले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले, आणि तेही अकल्पित. हासनमार्गे आम्ही बेलूरला गेलो. विष्णुवर्धनाने १११७ मध्ये उभारलेले चेन्नकेशवाचे मंदिर तेथे आहे. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांचा २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. छज्जाखाली तिरक्या बसवलेल्या मदनिका पाहून माझ्या मुलीची मान दुखायला लागली, तरी ती हटेना. एकीच्या हातात आरसा, एकीच्या हातावर पोपट. वाटाड्याने बैठकीकडे बोट दाखवून सांगितले की, येथे कोरणाऱ्यांनी आपली नावे लिहिली आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण.

“बापलेक!” आई म्हणाली. तिने दोन्ही नावे पुन्हा उच्चारून पाहिली आणि हात जोडले. विंध्यगिरीवर तिने देवाला हात जोडले होते. येथे ते दासोजाला जोडले, असे मला वाटले. मी विचारले नाही.

आता पहिल्या वाक्याविषयी. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या आक्षी गावी एक शिलालेख आहे. शिलाहार राजा केशीदेवरायाच्या काळातला. त्यावरचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो. त्या वाचनाविषयीही मतभेद आहेत. पण ते मान्य केले तर श्रवणबेळगोळच्या आधीची मराठी आपल्याच कोकणात सापडते. आणि लेखाचा विषय कोणता? देवीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याचा! बोडण आमच्या घरात अजून भरतात. पुण्यामुंबईची हजारो माणसे शनिवार-रविवारी आक्षीच्या समुद्रावर जातात, माशांवर ताव मारतात, वाळूत नावे लिहितात आणि परततात. मीही तीनदा जाऊन आलो आहे. दगडातली अक्षरे पाहायची मात्र मला एकदाही आठवण झाली नव्हती. श्रवणबेळगोळला निदान लांब असल्याची सबब तरी होती.

सुटीनंतर वर्गावर गेलो. हजेरी झाल्यावर म्हणालो, “नोव्हेंबरात या वर्गात मी एक खोटे बोललो होतो.” वर्ग एकदम शांत झाला, विद्यार्थ्यांना व्याकरणापेक्षा असल्या गोष्टींत अधिक रस असतो. मी सगळे सांगितले. मागच्या बाकावरची ती मुलगी क्षणभर गोंधळली. मला वाटले, आता आपली पत गेली. पण ती म्हणाली, “मग सर, आता खरोखर कसं आहे ते सांगा ना.”

त्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहिले नाही. पायऱ्या, तळे, हसू, वेली, आई आणि दासोज. तास संपला तरी कुणी उठले नाही.

फेब्रुवारीत वर्गाची सहल आक्षीला न्यायचे ठरले. एसटीची चौकशी, वर्गणी, डब्यांची वाटणी, सगळे त्या मुलीने केले. फळ्यावर लावायची सूचना घेऊन ती माझ्याकडे सहीला आली. ‘मराठी विभागातर्फे सहल’ एवढेच वर लिहिले होते आणि खाली माझ्या नावासाठी जागा सोडली होती. मी सही केली. मग थांबलो, आणि त्याखाली तिचे नाव लिहिले.