आजोबा, तुम्ही कोणत्या मशीनवर होता?

वडीलधाऱ्यांचा आदर करावा हे आपल्याला पहिलीपासून शिकवलं जातं. पाया पडायचं, बसमध्ये जागा द्यायची, उलट बोलायचं नाही. आपण हे करतोही (निदान पाहुणे आले की!). पण यात एक गोम आहे. पाया पडायला अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्यात आपली सुटका होते. त्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं राहूनच जातं.

आपल्या आकुर्डीचंच बघा. १९७२ मध्ये आलेली बजाजची चेतक इथे बनायची. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं तिची वाट बघायचे. २००७ मध्ये इथलं उत्पादन थांबलं आणि २०२२ मध्ये इथेच इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. कट्ट्यावर नव्या चेतकच्या बॅटरीवर आपण तावातावाने बोलतो. पण या पट्ट्यातल्या कंपन्यांत ज्यांनी गाव सोडून येऊन तीस-पस्तीस वर्षं मशीन चालवली, ते आज आपले घरमालक आहेत, बागेत बाकावर बसलेले आजोबा आहेत. त्यांच्याशी आपलं बोलणं भाडं आणि पाण्याच्या टाकीपुरतं!

मी कॉट बेसिसवर राहतो तिथले आजोबा टर्नर होते. एकदा वर्कशॉपचा जॉब माझ्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, नख फिरवलं आणि म्हणाले, "शेवटचा कट एचएसएस टूलने घेतलास ना?" मी गारच! पुढे तासभर ते बोलत होते. अजून झोपेत भोंगा ऐकू येतो म्हणाले, कार्ड पंच करायचं राहिलं असं वाटून दचकून जाग येते. घरात हे सांगता का, विचारलं तर म्हणाले, "सगळे म्हणतात, आता आराम करा."

मला हे 'आराम करा' फार कठोर वाटतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याला 'आता तुमचं काम नाही' एवढंच ऐकू येतं. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्येच झाला. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. कायदा हवाच, पण तो पोटापाण्यापुरता. वडिलांशी दहा मिनिटं बोला, असा आदेश कोण काढणार?

आता सगळेच म्हातारे गोड असतात असं नाही. काही हेकट असतात, काही तीच गोष्ट दहादा सांगतात. पण मला वाटतं, पहिल्यांदा सांगितली तेव्हा आपण पुढचा प्रश्नच विचारलेला नसतो, म्हणून ती तिथेच अडकून पडते.

आणि आजी? त्यांना तर रिटायरमेंटही नाही! आजोबांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आजींच्या मात्र तिन्ही शिफ्टा. त्यांनाही मी विचारलं. आधी हसल्या, "माझं काय विचारतोस?" मग हळूहळू बोलू लागल्या. घर एका खोलीचं. रात्रपाळीच्या आठवड्यात आजोबा दिवसा झोपायचे आणि पोरं तर गप्प बसायची नाहीत. म्हणून भर दुपारी दोघांना घेऊन त्या खंडोबाच्या माळावर जाऊन बसायच्या, आजोबांची झोप होईपर्यंत. आजोबा शेजारीच बसून ऐकत होते. त्यांना हे माहीतच नव्हतं.