गारव्याचा बाजार

आशियातला सर्वांत मोठा मॉल कोणता, या प्रश्नावरून भोकरच्या चहाच्या हॉटेलात भांडण जुंपेल, असे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर त्याला आम्ही वेड्यात काढले असते. हल्ली सुट्ट्या संपल्या की ते हमखास जुंपते. कोणाचा मुलगा पुण्यात शिकतो, कोणाची लेक हैदराबादेत नांदते, कोणाचा मेहुणा आखातात नोकरीला आहे. प्रत्येकाने आपला एकेक मॉल पाहिलेला असतो आणि ज्याचा त्याचा मॉल सर्वांत मोठा असतो. मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला आपल्या बाजूचा आकडा सापडतो! कारण मोजायचे काय, याचाच पत्ता नाही. नुसती दुकानांची जागा मोजायची, की वाहनतळासकट सगळी इमारत? सगळी इमारत धरली तर तेहरानचा इराण मॉल जगात पहिला असल्याचे सांगतात. गर्दी मोजली तर दुबई मॉलशी स्पर्धा करणे अवघड. २०२३ या एका वर्षात तिथल्या भेटींची संख्या दहा कोटींच्या वर गेली. २०११ च्या जनगणनेत आपला अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा भरला होता, म्हणजे बघा.

मी या भांडणात पडत नाही, पण ऐकतो मात्र कान देऊन. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मॉलमध्ये काय विकत घेतले, हे कोणीच सांगत नाही. सांगतात ते काय पाहिले ते. दुबईवाला सांगतो काचेच्या त्या अजस्र टाकीविषयी. २००८ साली उघडलेल्या या मॉलमध्ये बाराशेहून अधिक दुकाने आहेत, पण माणसे उभी राहतात ती एक कोटी लिटर पाण्याच्या टाकीपुढे, शार्क बघत. बाहेर वाळवंट भाजून निघत असते आणि आत पोरे बर्फावर घसरत असतात. मनिलाजवळच्या ‘मॉल ऑफ एशिया’तही २००६ पासून बर्फाचे मैदान आहे. क्वालालंपूरला ‘बर्जाया टाइम्स स्क्वेअर’मध्ये तर चक्क छताखाली आगगाडीच्या रुळांसारखे रूळ वळवून पोटात गोळा आणणारा पाळणा फिरवला आहे. खरेदी राहिली बाजूलाच!

पण माझ्या मते या सगळ्यांवर कडी केली ती बँकॉकच्या ‘आयकॉनसयाम’ने. हा मॉल २०१८ साली चाओ फ्राया नदीच्या काठावर उभा राहिला. थायलंडमध्ये होड्यांतून भरणारा बाजार ही जुनी रीत. या मॉलच्या तळमजल्यावर पाणी खेळवले आहे, त्यात होड्या आहेत, होड्यांत खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाया आहेत आणि देशाच्या सगळ्या ७७ प्रांतांतला माल तिथे मांडण्याची योजना आहे. म्हणजे बाहेर खरी नदी वाहते आहे आणि आत, वातानुकूलित हवेत, नदीवरचा आठवडी बाजार भरला आहे. इराण मॉलमध्येही तेच. झगमगीत दालने ओलांडली की वीटकामाच्या कमानींखालचा जुन्या वळणाचा बाजार लागतो. जुना, खरा बाजार त्याच तेहरान शहरात शेकडो वर्षे चालू आहे, तरीही!

तेव्हा सर्वांत मोठ्या मॉलचे सर्वांत मोठे आकर्षण कोणते, तर बाजार आणि जत्रा. या विषयात आम्हा नांदेडकरांना कोणी शहाणपण शिकवायला नको. लोहा तालुक्यातले माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट, बैल, कुत्री यांचा असा काही बाजार लागतो की परप्रांतांतून गिऱ्हाइके येतात. लहानपणापासून मी पाहतो आहे. ज्याला आयुष्यात कधी गाढव विकत घ्यायचे नाही असा माणूससुद्धा गाढवांच्या बाजारातून दोन तास हलत नाही. दात मोजून बघतो, किंमत विचारतो, ‘महाग आहे’ म्हणून मान हलवतो आणि पुढे जातो. एकीकडे तमाशाचे फड, एकीकडे रहाटपाळणे, मौत का कुआँ, घोंगड्यांची पाले, घुंगरमाळांची दुकाने, कढईतून निघणारी गरम जिलेबी. मॉलच्या धंद्यात ज्याला मोठमोठे पगार घेऊन ‘गिऱ्हाईक रेंगाळत ठेवणे’ म्हणतात, ते आमच्याकडे भंडारा उधळून होते.

आणि मोठ्या शहरात खरेदीला जाणे तरी नवे कुठे आहे? भोकर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि पुढेही १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी होती. लग्नाचा बस्ता बांधायचा तर ज्याची ऐपत असे तो हैदराबादची वाट धरी. पत्थरगट्टीत कापड, चारमिनारजवळच्या लाड बाजारात बांगड्या आणि मुअज्जम जाही मार्केटला फळे. १९३५ साली निजामाच्या धाकट्या राजपुत्राच्या नावाने बांधलेले ते दगडी मार्केट हाच आमच्या आजोबांच्या पिढीचा मॉल. आज नातवंडे त्याच मुदखेड-निजामाबादच्या रुळांवरून जातात. फरक इतकाच की ती लाड बाजाराऐवजी कोंडापूरला ‘शरत सिटी कॅपिटल मॉल’कडे वळतात. देशातल्या मोठ्या मॉलांत त्याची गणना होते. सरकत्या जिन्यापाशी आल्यावर आमच्याकडच्या बाया पदर खोचून क्षणभर थबकतात, नवऱ्याच्या मनगटाला धरतात आणि ‘हुश्श’ म्हणून वर चढतात, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. नवराही तितकाच घाबरलेला असतो, पण ते सांगायचे नसते.

कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? जत्रेला छप्पर मिळाले, गारवा मिळाला, छान झाले. तक्रार मलाही नाही, पण छपराबरोबर दारही येते. १९९९ साली मुंबईत हाजीअलीला ‘क्रॉसरोड्स’ नावाचा मॉल उघडला. देशातल्या अगदी पहिल्या मॉलांपैकी तो एक. बघ्यांची झुंबड उडाली तेव्हा दारावर नियम आला की ज्याच्यापाशी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला आत सोडायचे, बाकीच्यांनी प्रवेशासाठी पैसे मोजायचे. त्या काळी मोबाइल ही चैन होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर तो नियम गेला. पुढे त्या मॉलचे ते नावही गेले. आज कोणताही मॉल असे उघड विचारत नाही. विचारावे लागतच नाही. धोतर नेसलेला, पायांत टायरच्या चपला घातलेला माणूस स्वतःच त्या काचेच्या दारापासून चार हात लांब उभा राहतो.

मॉलची कल्पना ज्याने काढली त्याच्या मनात असे काही नव्हते, हेही सांगायला हवे. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुरचनाकार १९३८ साली नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेत आला. मोटारींनी पांगवलेल्या तिथल्या वस्त्यांना आपल्या व्हिएन्नासारखा चौक द्यावा, भोवती घरे, शाळा, बागा असाव्यात, असे त्याच्या मनात होते. १९५६ साली मिनेसोटात त्याचा ‘साउथडेल’ उघडला. तो चारी बाजूंनी बंद होता आणि आत बारमाही सुखद हवा होती. धंदेवाल्यांनी त्यातली दुकाने आणि हवा घेतली. चौक मात्र तेवढा राहून गेला. म्हातारपणी ग्रुएन व्हिएन्नाला परतला आणि आपल्या या अपत्यांशी आपला संबंध नाही, असे सांगू लागला.

पण मॉलला नावे ठेवून मोकळे होण्याची सोय माझ्या आत्याने ठेवली नाही. गेल्या उन्हाळ्यात ती हैदराबादेत लेकीकडे आठ दिवस राहून आली. वय सत्तरीच्या पुढे. मॉलमध्ये काय आवडले, असे मी विचारले. मला वाटले, ती दिव्यांचे सांगेल, नाही तर त्या सरकत्या जिन्याचे. ती म्हणाली, “संडास किती साफ होते रे बाबा! अन् बसायला बाकडं. दोन घंटे बसले, कोन्नी ऊठ म्हनलं नाही.”

या उत्तराने माझे पुढचे सगळे मुद्दे गारद झाले. कारण आत्याने आयुष्यभर ज्या बाजारतळावर भाजीची पाटी मांडली आणि बाजार केला, तिथे या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. आमच्या भागातल्या तालुक्याच्या कोणत्याही गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन बघा. पहाटे तांड्यांवरून, वाड्यांवरून बाया निघतात. डोक्यावर वांगी, मिरच्या, शेंगा, गाठोड्यात जवस, करडई, हळकुंडे. मे महिन्यात ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाते. पाल बांधण्याइतकी मिळकत ज्यांची नाही त्या छत्री नाही तर ओढणी डोक्यावर धरून बसतात. दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी प्यायले तर जायचे कुठे, हा प्रश्न. संध्याकाळपर्यंत असे कोरडे बसायचे, उरलेला माल पडेल भावात देऊन टाकायचा आणि शेवटची गाडी गाठायची. बाजाराला आलेल्या बायांची कथा वेगळी नाही. कडेवर पोर असेल तर त्याला पाजायला आडोसा शोधत त्या कापडाच्या दुकानात शिरतात. ज्या दुकानदाराच्या बायकोला कळवळा असतो ती आतली खोली उघडून देते. एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले तसे बाजारतळावर का होऊ नयेत?

बाजाराचे कौतुक आम्ही लिहिणारी मंडळी फार करतो. गावगाडा, जिव्हाळा, ओळखीपाळखी! त्यात खोटे काही नाही. भोकरचा दुकानदार सोयाबीन, कपाशी विकेपर्यंत उधारीवर किराणा देतो, ते कोंडापूरला कोण देणार? मोंढ्यातला हमाल आणि आडत्याचा मुलगा एकाच गाड्यावर भजी खातात. म्हैशाकडचा व्यापारी तेलुगूत भाव सांगतो, आमचा शेतकरी मराठीत पाडून मागतो आणि सौदा उर्दूत पटतो, हे कोणत्या मॉलमध्ये दिसेल? पण हे कौतुक करणारे आम्ही बहुतेक पुरुष असतो आणि आम्हाला आडोसा कुठेही चालतो.

प्रश्न पैशांचा आहे, असे सांगितले जाते. म्हणून चीनमधल्या डोंगुआनचे उदाहरण मुद्दाम सांगतो. तिथे २००५ साली ‘न्यू साउथ चायना मॉल’ उघडला. दोन हजारांवर दुकानांची जागा, पॅरिसची कमान, व्हेनिसचा कालवा, सगळे काही. आणि जवळजवळ दहा वर्षे तो ओस पडून होता! आसपास राहणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना तिथे जाऊन करायचे काय, हा विचारच कोणी केला नव्हता. नंतर डागडुजी झाली, माणसे आली. आमच्या बाजारतळाला भिंत नाही, छप्पर नाही, कालवा तर नाहीच नाही (पावसाळ्यात थोडाबहुत असतो), पण तो एकाही आठवड्याला ओस पडलेला मी पाहिलेला नाही. गर्दी तयार आहे. ती जमवण्यासाठी शार्क आणावे लागत नाहीत. लागतात ते पत्र्याचे चार मांडव, नळ, दिवे आणि बायांसाठी कुलूप न लावलेली स्वच्छतागृहे.

कायद्याचीही अडचण नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला आहे. विक्रेते आणि गिऱ्हाइके जिथे परंपरेने जमत आले आहेत त्या शहरी जागांना या कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून ओळख दिली. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. या बायांपुढे मांडवाचा आणि संडासाचा विषय निघाला तर तो पुढच्या बैठकीवर ढकलला जाईल, असे मला वाटत नाही.

आणि पैसे? आमच्याकडे बाजारात बसण्याचा कर वसूल होतो. निजामाच्या वेळेपासून त्याला तहबाजारी म्हणतात. वसुलीचा ठेकेदार पाटीपाटीपाशी येऊन पावती फाडतो, उन्हात बसलेल्या म्हातारीलाही सोडत नाही. त्या दिवसाला किती पावत्या फाटल्या आणि त्यातले किती रुपये बाजारतळावर परत आले, एवढे दोन आकडे प्रत्येक बाजाराच्या दिवशी खडूने लिहून ठेवावेत, असे मी गेली काही वर्षे भेटेल त्या सदस्याला सांगतो आहे. फळा आणि खडू मी द्यायला तयार आहे. टांगायला बाजारतळावर चिंचेचे झाड आहेच.