विश्लेषण : घरात मासे साफ करायची जागा कशी असावी? सोलापुरात ओट्याआधी पाण्याचा हिशेब का?

सोलापूरच्या घरात उजनी दोन वाटांनी येते. एक नळातून, चार-पाच दिवसांआड. दुसरी पिशवीतून: भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीकडून येणारी चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम. ही मासळी साफ करायला मात्र बहुतेक घरांत ठरलेली जागा नसते. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये केली तर वास दोन दिवस जात नाही, म्हणून मग बाथरूमच्या फरशीवर विळी मांडून, नळ सोडून, घरातली बाई अर्धा-पाऊण तास उकिडवी बसते. नंतर मोरी तुंबते आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

हल्ली घर बांधताना किंवा दुरुस्तीला काढताना अनेक जण गॅलरीत, गच्चीवर किंवा मागच्या बोळात मासे साफ करायला वेगळा ओटा करून घेतात. कल्पना चांगलीच आहे. पण मोबाइलवर दिसणारे नमुने बहुतेक परदेशातले असतात. अमेरिकेत तळ्याकाठी आणि बोटींच्या धक्क्यांवर सार्वजनिक ‘फिश क्लीनिंग स्टेशन’ असतात. तिथे स्टीलचे टेबल, वरून पाण्याचा पाइप आणि काही ठिकाणी खाली कचरा दळून ढकलणारा ग्राइंडर अशी सोय असते. तळे शेजारी असल्याने पाणी वाहते ठेवणे तिथे परवडते. सोलापुरात तोच नमुना उतरवला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो ओटा कपडे भिजवायला वापरला जाईल.

बाजारातून साफ करून का आणू नये?

आणावी. शहरातल्या दुकानातून किलोभर मासा घ्यायचा असेल तर तिथेच तुकडे करून घेणे शहाणपणाचे. पण धरणाकाठी गेलेला माणूस पाच-सहा किलो अख्खा मासा घेऊन येतो. शिवाय अख्ख्या माशाचे डोळे आणि कल्ले पाहून ताजेपणा कळतो. पावसाळ्याच्या तोंडाला पोटात गाबोळी असते, ती नीट काढून घ्यायची असते. डोक्याचे कालवण करणाऱ्या घरांना ते आपल्या पद्धतीने तोडलेले लागते. कापून आणलेला मासा सोलापूरच्या ४२ अंशांत तासभर पिशवीत राहिला तर अख्ख्या माशापेक्षा लवकर खराब होतो. कापल्याने मांस उघडे पडते आणि पोटातले जंतू सुरीबरोबर सगळीकडे पसरतात. अख्खा मासा बर्फात घालून आणायचा आणि घरी सकाळच्या गारव्यात साफ करायचा, ही जुनी सवय अगदीच चुकीची नाही.

पाण्याचा हिशेब काय सांगतो?

घरातला नळ मिनिटाला किती पाणी देतो, हे बादली आणि घड्याळ घेऊन कोणीही मोजू शकतो. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरत असेल तर वेग मिनिटाला ६ लिटर. तीन किलो मासे नळाखाली साफ करायला १५ ते २० मिनिटे लागली की ९० ते १२० लिटर गेले. शहरी पाणीपुरवठ्याचा देशातला मान्य निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे एका माणसाचे जवळजवळ दिवसभराचे पाणी एका कालवणात.

हा झाला कागदावरचा निकष. चौघांच्या घरात १,००० लिटरची टाकी आहे आणि पाणी पाचव्या दिवशी येणार आहे, असे धरले तर दिवसाला २०० लिटर वाट्याला येतात. नळ सोडून मासे धुतले तर त्यातले निम्मे संपतात. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी असली तरी त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ या बातम्या त्यामुळेच येतात. २०२४ मध्ये साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा शहरात वाहत्या नळावर बेतलेला ओटा ही सरळ रचनेतली चूक आहे, मग त्याला कितीही महाग ग्रॅनाइट लावा.

मग पाणी वाचवायचे कसे?

क्रम बदलून. खवले, पर, कल्ले, आतडी हे सगळे आधी कोरडेच काढायचे आणि पाणी शेवटी घ्यायचे. मासा ओला करत राहिले की तो निसटतो, म्हणून हात पुन्हा धुतले जातात, आणि पाणी जाते ते इथेच. वाम किंवा शिंगाड्यासारख्या बुळबुळीत माशाला आजीच्या काळात राख चोळत. ती युक्ती आजही चालते. राख नसेल तर जाडे मीठ घ्यावे. खवले उडू नयेत म्हणून मासा मोठ्या पातेल्यात धरून शेपटीकडून डोक्याकडे खरवडावा. सगळे मासे असे झाले की एक बादली धुवायला, अर्धी खळबळायला. बोअरचे जड पाणी असेल तर ते ओटा धुवायला वापरावे आणि मासा शेवटी पिण्याच्या पाण्यातून काढावा. २० ते २५ लिटरमध्ये काम भागते.

त्यामुळे या ओट्यावर नळाची जोडणी नसली तरी चालते. तोटी असलेला २० लिटरचा कॅन वर ठेवला की पाणी डोळ्यांसमोर कमी होताना दिसते आणि हात आपोआप आखडतो. मीटर लावूनही जी शिस्त येत नाही ती अशाने येते.

ओटा कशाचा, केवढा?

७५ सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद एवढी जागा घरच्या कामाला पुरते. खरा प्रश्न दगडाचा आहे. सोलापुरात शहाबादी फरशी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, स्वस्त पडते आणि गवंड्याला तिची सवय असते. कडप्पाही सहज मिळतो. पण हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतल्या आम्लाने त्यांचा पृष्ठभाग हळूहळू खाल्ला जातो. त्यावर बारीक खड्डे पडतात आणि त्यांत चिकटा साचतो.

आणि माशाला आम्ल तर लावावेच लागते. रोहू, कटला, चिलापी या गोड्या पाण्यातल्या माशांना जो मातकट वास येतो त्यामागे बहुतेकदा ‘जिओस्मिन’ नावाचा पदार्थ असतो. पाण्यातले नील-हरित शेवाळ आणि काही जिवाणू तो तयार करतात आणि तो माशाच्या कातडीत व चरबीत साठतो. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या सुगंधातही हाच असतो. तिथे आवडणारा वास ताटात नकोसा होतो. आम्लाने तो बराच कमी होतो, म्हणून मासे लिंबू किंवा चिंचेच्या कोळात ठेवण्याच्या घरगुती रीतीला रसायनशास्त्राचा आधार आहे. तेव्हा ओट्याला ग्रॅनाइटचा तुकडा घ्यावा. दगडाच्या दुकानात कापून उरलेले तुकडे असतात, तेवढ्यात भागते. नाहीतर स्टीलचा पत्रा. शहाबादी आधीच बसवली असेल तर लिंबाचे काम भांड्यात करावे.

उताराबाबत गवंड्याशी वाद घालायची तयारी ठेवावी. मीटरला २ सेंमी उतार हवा, म्हणजे ७५ सेंमीच्या ओट्याला दीड सेंमी. डोळ्याला तो वाकडा दिसतो, म्हणून गवंडी तो सपाट करून टाकतात. सिमेंट ओले असतानाच तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते एका कोपऱ्यात थांबले तर पुढे तिथेच माश्या बसतील.

उंचीचे काय?

हा मुद्दा सगळ्यात कमी चर्चेचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. घरात मासे साफ कोण करते? बहुतेक घरांत बाई. मग ओटा तिच्या मापाचा हवा. उभे राहून काम करायचे तर ओटा कोपरापासून साधारण १० सेंमी खाली असावा. पाच फुटांच्या बाईला बाजारातला तयार ओटा उंच पडू शकतो. खांदे उचलून सुरी चालवावी लागते.

दुसरी अडचण विळीची. ज्यांचा हात विळीवर बसला आहे त्यांना ‘सुरी घ्या’ सांगणे सोपे, पण विळीवर दोन्ही हात माशाला मोकळे असतात. निसरड्या माशासाठी ती सोय मोठी आहे. त्यावर उपाय आहे: विळीचा पाट ओट्याला दोन नटबोल्टांनी घट्ट बसवून घ्यायचा आणि ओटा आणखी थोडा खाली घ्यायचा. काम झाले की पाते मिटते किंवा पाट निघतो. गुडघे दुखणाऱ्या घरात ग्रॅनाइटपेक्षा याचा उपयोग जास्त.

चिलापीचे काटेही लक्षात ठेवायला हवेत. पाठीवरचे पर मागे झुकलेले असतात, म्हणून शेपटीकडून हात फिरवला की टोचतात. आधी कात्रीने ते छाटावेत. गोड्या पाण्यातल्या माशाच्या काट्याने झालेल्या जखमेत ‘ॲरोमोनास’सारखे जिवाणू जाऊ शकतात. मधुमेह असेल तर हात सुजेपर्यंत घरी थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

निचरा थेट गटाराला का जोडू नये?

माशाचे खवले पाण्यात विरघळत नाहीत. ते नहाणी ट्रॅपच्या वाकात बसतात, त्यात केस अडकतात, वर चरबीचा थर येतो आणि पाइप बंद होतो. इमारतीत हा पाइप एकट्याचा नसतो. म्हणून ओट्याचे पाणी जाळीतून खालच्या बादलीत पडू द्यावे आणि बादली झाडांच्या मातीत रिकामी करून वर कोरडी माती टाकावी. मीठ वापरले असेल तर ते पाणी झाडांना नको. ते गाळून मोरीत जाऊ द्यावे.

साफ करताना माशाच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा कचरा निघतो. चिलापीचे काटेविरहित फिले काढले तर हाती फक्त तिसरा हिस्सा उरतो. हा कचरा घंटागाडीपर्यंत ठेवायचा तर कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये. अंगण असेल तर फूटभर खोल पुरावा. वर पुरला तर कुत्री उकरतात. काही शेतकरी आतडी आणि तेवढ्याच वजनाचा गूळ झाकलेल्या डब्यात तीन-चार आठवडे आंबवून त्याचा अर्क पाण्यात पातळ करून पिकांना देतात. ते शेतावर ठीक. दोन खोल्यांच्या घरात हा प्रयोग कोणी करू नये.

एक गोष्ट मात्र कचऱ्यातच जायला हवी, ती म्हणजे रोहू-कटल्याची पित्ताची पिशवी. ती फुटली तर मासा कडू होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती ‘औषध’ म्हणून कच्ची गिळणारेही आहेत. त्यातून मूत्रपिंडे निकामी झाल्याची प्रकरणे भारतासह आशियातल्या अनेक देशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

छोट्या घरात हे बसते का?

२०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा होती. कुंभारीजवळच्या रे नगरमधली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना देण्यात आली. त्यांत विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांचा मोठा वाटा आहे. अशा घरांत वेगळा ओटा कुठून आणणार? जुन्या घरात मोरी होती. तिथे भांडी, कपडे, मासे सगळे निभायचे. नव्या आराखड्यांत मोरी गेली आणि अनेक ठिकाणी संडास-बाथरूम एकत्र आले. त्याच फरशीवर मासे धुणे आरोग्याच्या दृष्टीने वाईट. नकाशा काढणाऱ्यांनी गॅलरीत एक उतार, एक जाळी आणि अर्ध्या मीटरची फरशी दिली असती तर खर्च नगण्य वाढला असता.

भाड्याच्या किंवा छोट्या घरात घडीचे लोखंडी टेबल, त्यावर स्टीलची परात, शेजारी तोटीचा कॅन आणि खाली बादली एवढ्यावर भागते. काम झाल्यावर परात आधी साबणाने धुवावी, मग लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर ब्लीच घालून पुसून पाच मिनिटांनी साध्या पाण्याने काढावी. लिंबू किंवा व्हिनेगर आणि ब्लीच मात्र एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वास घालवण्याच्या घाईत बंद बाथरूममध्ये ही चूक सहज होते. आधी लिंबू लावले असेल तर परात साबणाने धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्यावी, टेबल दाराआड लावावे, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी.