जुना वाडा : ओझे की भांडवल?

गतवर्षी कार्तिक महिन्यात एका आप्ताच्या विवाहानिमित्त आम्हांस अहमदाबादेस जाण्याचा योग आला. चिरंजीवांनी उतरण्याची सोय कोटाच्या आतील एका पोळीत, जुनी हवेली दुरुस्त करून केलेल्या मोजक्या खोल्यांच्या अतिथिगृहात केली होती. पोळ म्हणजे एकाच वेशीतून आत शिरणारी, एकमेकांस खेटून उभ्या घरांची वस्ती. धर्मशाळेची सवय असलेल्या आम्हांस खोलीचे भाडे ऐकून प्रथम रागच आला. परंतु तीन रात्री राहून आमचे मत पालटले. ते सभासद बंधूंपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. कारण हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे.

हवेलीच्या मधोमध चौक. त्यातून सर्व मजल्यांस उजेड व वारा पोचतो. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके. गच्चीवरील पाणी नळीवाटे तेथे उतरते आणि ऊन लागत नसल्याने टिकते. विटांच्या भिंतींत आडवी लाकडे घातलेली. भूकंपाचा धक्का ती विभागून घेतात. मालकाने यातील काही न मोडता केवळ न्हाणीघरे व विजेच्या तारा नव्या केल्या. आमचे चौविहाराचे पथ्य कळताच कंदमुळांविना जेवण सूर्यास्तापूर्वी पुढे आले. पोळीत पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा आहे. खाली सांडलेले दाणे आम्ही भुसार व्यापाऱ्याच्या सवयीने हातात घेऊन पाहिले. माल स्वच्छ होता!

इ. स. १४११ मध्ये वसलेल्या या शहराचा २०१७ साली जागतिक वारसायादीत समावेश झाला. तरीही पोळींतील कित्येक घरांना कुलपे आहेत, कित्येकांची गोदामे झाली आहेत. कीर्तीने छप्पर शाकारले जात नाही. त्यास उत्पन्न लागते, हे त्या मालकाने ओळखले. शिवाय तो स्वतः सहकुटुंब वरच्या मजल्यावर राहतो. म्हणूनच त्या वास्तूस घरपण आहे. नुसतीच पाहुण्यांची वर्दळ असती तर ते नक्षीदार दाराचे दुकान ठरले असते.

बेळगावच्या आमच्या पेठेतील वडिलोपार्जित वाडा विकावा असा आमच्या घरात विचार होता. बयाणा तेवढा घ्यावयाचा राहिला होता. परतताच आम्ही तो थांबविला. धाकटे बंधू नाराज आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. दुरुस्तीचा खर्च मोठा, वाटेकरी अनेक, आणि आमच्या गावी तितके प्रवासी येतील याची हमी कोणी द्यावी? म्हणून पुढील बाजूच्या दोनच खोल्या प्रथम दुरुस्त कराव्या, त्यांचा जमाखर्च वेगळा ठेवावा, आणि दोन वर्षांनी निर्णय करावा, असे ठरले आहे. तोटा आल्यास आम्ही स्वतः विक्रीच्या कागदावर सही करू.

बंधूंनो, पडून राहिलेला माल आपण नमुना बाजारात दाखविल्याविना मातीमोल विकतो काय? मग वाडवडिलांच्या वास्तूविषयीच एवढी घाई का? सौदा करण्यापूर्वी एकवार हिशेब मांडावा, एवढीच नम्र विनंती.