पाचशे रुपयांचा अविश्वास

आपल्या प्रशासनात कोट्यवधींचे खर्च सहज मंजूर होतात आणि पाचशे रुपये मात्र अडतात. हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. असे एक प्रकरण माझ्याच सहीने निकाली निघाले होते.

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक छोटी तरतूद होती : प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये. सर्व शिक्षा अभियानानेही ती पुढे चालू ठेवली. तिचे महत्त्व रकमेत नव्हते. वर्गात काय हवे ते वर्गात उभा असलेला माणूस ठरवील, हे त्यात प्रथमच मान्य झाले होते. तत्पूर्वी १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत साहित्याच्या पेट्या वरून येत. परिविक्षा काळात मी पाहिलेल्या कित्येक शाळांत त्या कुलूपबंदच होत्या. नकाशा फाटला तर भरपाई कोण करणार, ही मुख्याध्यापकांची भीती काही निराधार नव्हती.

२००६ साली मी तेव्हाच्या ओरिसातील एका डोंगराळ जिल्ह्यात होतो. तेथील एका दोन-शिक्षकी शाळेत मुले घरी कुई बोलत आणि पाठ्यपुस्तके उडिया भाषेत. (इंदूर-बडोद्याकडे किंवा बंगळुरात वाढलेल्या मराठी वाचकांना शाळेच्या पहिल्या दिवशीचे ते बावरलेपण सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्या घरी पुस्तके होती.) तेथील शिक्षकाने आपल्या ५०० रुपयांतून आठवडी बाजारातून पुठ्ठे, रंग, सुतळी आणि एक जुना तराजू आणला. गावातील बायकांना विचारून त्याने वस्तूंची चित्रे काढली आणि प्रत्येक चित्राखाली उडिया लिपीत दोन शब्द लिहिले : एक घरचा, एक शाळेचा. मी गेलो त्या दिवशी पहिलीची मुले तराजूत चिंचोके घालून वाद घालत होती. सरकारी शाळेत पहिलीची मुले साहेबासमोर वाद घालत आहेत, हे दृश्य मी फार वेळा पाहिलेले नाही.

चार महिन्यांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. ३४० रुपयांच्या खरेदीला छापील पावती नव्हती. आठवडी बाजारात सुतळी विकणारी बाई पावती कोठून देणार? परंतु नस्ती अकरा सह्या घेऊन माझ्या टेबलावर आली होती, वर्षअखेर होती, आणि मी 'वसुली करावी' असे लिहिले. पगारातून ३४० रुपये कापले गेले. पुढील वर्षी त्या शिक्षकाने गटाच्या ठिकाणच्या दुकानातून ५०० रुपयांचे छापील तक्ते घेतले. पावती निर्दोष होती. तक्त्यांवर सफरचंद होते, आगगाडी होती. त्या मुलांनी दोन्ही पाहिलेली नव्हती.

आता माझ्या व्यवसायबंधूंना एक प्रश्न विचारतो. केंद्र सरकारच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमावलीत १५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रके न मागवता करता येत असे; २०१७ च्या नियमावलीने ही मर्यादा २५,००० केली. माल चांगला आहे, दर वाजवी आहे, अशी माझी खात्री झाली आहे, एवढे अधिकाऱ्याने लिहून दिले की पुरे. आमच्या खात्रीची किंमत तेव्हा पंचवीस हजार होती, आणि शिक्षकाच्या खात्रीची पाचशेही नाही?

पैसे वेळेवर येत तरी होते का? माझ्या अनुभवात ते बहुधा फेब्रुवारीत येत आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची ताकीद सोबत असे. वर्षाचे शिकवणे संपत आल्यावर शिकवण्याचे साहित्य! रक्कमही वर्षानुवर्षे ५०० वरच थिजलेली होती. महागाई भत्त्याची गणिते तोंडपाठ असलेल्या आम्हांला ते कधी खटकले नाही.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान सुरू झाले. प्रारंभीचे दर लहान शाळेला २५,००० पासून हजारावर पट असलेल्या शाळेला १ लाखापर्यंत होते. रक्कम वाढली, हे चांगलेच झाले. पण विजेचे बिल, दुरुस्ती, पाणी आणि किमान १० टक्के स्वच्छता एवढे सारे त्याच थैलीतून. शिक्षकाच्या नावाने, शिक्षकाच्या मर्जीने खर्चायचा पैसा त्यात हरवला. नळ गळत असताना पुठ्ठे-रंग मागणारा शिक्षक मुख्याध्यापकाला उधळ्याच वाटणार.

माझी मागणी साधी आहे. या अनुदानातील ठरावीक हिस्सा प्रत्येक शिक्षकाच्या नावे वेगळा ठेवावा, शाळा उघडताना द्यावा, आणि छोट्या खरेदीला त्याची सही हीच पावती मानावी. तपासणी कागदाची नको. समूह साधन केंद्राच्या समन्वयकाने वर्गात जाऊन वस्तू पाहावी, मुलांच्या हातात आहे की कपाटात, एवढे नोंदवावे.

काही शिक्षक ते पैसे खातील, असे मला सांगितले जाते. खातील. दहांतील एक खाईल असे गृहीत धरूनही मी हेच म्हणेन, कारण उरलेल्या नऊ जणांवर पहारा ठेवण्याचा खर्च आम्ही कधी मांडतच नाही. ३४० रुपयांच्या त्या नस्तीवर अकरा जणांनी सह्या केल्या होत्या, बारावी माझी. त्या बारा जणांच्या वेळेचे वेतन किती झाले, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाने माझ्याकडे मागितला नाही.