आधीं काय आणि मग काय?

घरांत कार्य निघालें म्हणजे कामांच्या याद्या होतात. यादींत कामें सगळीं असतात. नसतो तो त्यांचा क्रम. तो बहुधा घरांतील एखाद्या कर्त्या बाईच्या डोक्यांत असतो, आणि कार्य पार पडेपर्यंत त्या डोक्याला विसावा म्हणून नसतो.

आमच्या ताथवड्याच्या घरीं पुतण्याची मुंज करावयाचें ठरून महिना लोटला, तरी गाडें पुढें सरकेना. ज्याला विचारावें तो म्हणे, “माझें कांहीं अडलेलें नाहीं, मी फक्त वाट पाहतों आहें.” अखेर हिंजवडीस नोकरीला जाणारा आमचा धाकटा भाऊ संगणक उघडून बसला.

त्यानें जें साधन काढलें त्याचें नांव ‘टी-सॉर्ट’. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत तें होतें, आणि आजहि लिनक्सवर तें आयतें मिळतें. त्यांत चित्रें नाहींत कीं बटणें नाहींत. हुकूम टंकावा आणि उत्तर वाचावें. पूर्वीं आज्ञावलीचे सुटे भाग जोडणारें यंत्रणेचें अंग भागांचा संग्रह एकदांच, आरंभापासून शेवटपर्यंत, चाळीत असे. म्हणून मदत मागणारा भाग आधीं व मदत देणारा मागाहून लावावा लागे. तो क्रम लावण्यासाठीं हें साधन निर्माण झालें.

त्याला द्यावयाच्या त्या केवळ जोड्या. ‘मुहूर्त कार्यालय’ असें लिहिलें कीं मुहूर्त आधीं, कार्यालय मागाहून. ‘कार्यालय पत्रिका’, ‘पत्रिका आमंत्रणें’ ह्या पुढच्या जोड्या. ज्या कामाआधीं दुसरें कांहींच करावयाचें नाहीं, तें प्रथम लिहून यादींतून काढावयाचें. त्यामुळें जीं कामें मोकळीं होतील तीं पुढें घ्यावयाचीं. ही रीत आर्थर कान यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली. योग्य क्रम एकाहून अधिक असूं शकतात. साधन त्यांतील एक देतें.

भावानें प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “तुम्ही कशासाठीं थांबलां आहां?” आणि उत्तरांच्या जोड्या टंकल्या. साधनानें क्रमाऐवजीं तक्रार छापली कीं, यांत वर्तुळ आहे. खालीं चार नांवें होतीं: रजा, मुहूर्त, कार्यालय, पत्रिका. बटूचे मामा टोरांटोस असतात. त्यांची रजा कळल्यावर मुहूर्त धरावा, असें नाना म्हणत. मुहूर्तावांचून कार्यालय नाहीं, कार्यालयावांचून पत्रिका नाहीं. आणि पत्रिका हातीं आल्यावांचून रजा कशी मागावी, असें मामांचें म्हणणें! प्रत्येकाला आपल्यापुढची एक पायरी तेवढी दिसत होती.

असें वर्तुळ आढळलें कीं हें साधन एक दुवा आपणच सोडून देतें आणि उरलेला क्रम छापतें. परंतु कोणता दुवा सोडणें शहाणपणाचें, हें त्याला कळत नाहीं. आमच्या घरीं तें सर्वांस कळत होतें, पण बोलावें कोणी? मामांस न विचारतां मुहूर्त धरला तर वहिनींच्या माहेरचा अनादर होईल, म्हणून नाना गप्प. आणि भावासाठीं कार्य अडतें आहे हें दिसत असूनहि, त्याच्यावांचून उरका असें म्हणवेना, म्हणून वहिनी गप्प.

तीं चार नांवें पाहून वहिनीच म्हणाल्या, “नाना, मुहूर्त धरा. दादाला मी आजच कळवतें. त्याला रजा मिळाली नाहीं तर मला वाईट वाटेल. पण मुंज अडावयास नको.” त्याच सायंकाळीं मुहूर्त ठरला. मामांचें अद्यापि निश्चित नाहीं. पत्रिका मात्र छापावयास गेल्या आहेत.

उरलेला क्रम आतां स्वयंपाकघरांतील भिंतीवर लावला आहे. न सांगितलेली अडचण कोणत्याहि साधनाला दिसत नाहीं. म्हणून संगणक नसला तरी चालेल, पण कागद घेऊन तो एक प्रश्न घरांतील प्रत्येकाला अवश्य विचारावा. आणि सर्वांत आधीं तो विचारावा जिच्या डोक्यांत सगळा क्रम आहे तिला.